सीताबाईंनी सोडलेली शेंग

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय भय्याजी लांजेवार. माझ्या काळच्या मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या आदरणीय उषाबाई मोहरकर. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, वनस्पतिशास्त्राचे आमचे वीरेंद्र हटवार सर आणि त्यांच्या सौभाग्यवती डिंपलताई. शिक्षकवृंद, कोंढ्याचे आणि आजूबाजूच्या गावांचे पालक, बंधुभगिनींनो. आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमची नावं आता मला पटकन आठवत नाहीत, पण तुमची अक्षरं आठवतात. सर्वांना माझा नमस्कार.

खरं सांगू का? मी इथे उभा का आहे, हे मला नीटसं कळलेलं नाही. सर शास्त्राचे. त्यांच्याविषयी शास्त्राच्या माणसानं बोलावं. मी जन्मभर मराठी शिकवली, तीही कविताच जास्त. धडे मुलं आपापले वाचत; कविता मात्र मी चालीवर म्हणायचो आणि अख्खा वर्ग माझ्यामागून. दुपारच्या तासाला बाकांवर हात आपटून ठेका धरलेला असायचा, खिडकीतून वाऱ्यासोबत धानाचा वास यायचा. शेजारच्या प्रयोगशाळेतून वीरेंद्र सर यायचे, दारात उभे राहून म्हणायचे, "गुरुजी, थोडं हळू घ्या. माझ्या पोरांनी आता आकृतीतल्या झाडाला ठेका धरायला सुरुवात केली." तरी पत्रिका छापताना कोणी तरी माझं नाव घातलं. कोणी, ते भय्याजींना विचारलं, तर त्यांनी उषाबाईंकडे बोट दाखवलं, उषाबाईंनी भय्याजींकडे. असो.

सरांशी माझा वाद जुना आहे. वाद कसला, माझा गोंधळ म्हणा. कवितेच्या पुस्तकात मी आयुष्यभर फुलं पाहिली, पानं पाहिली, रसाळ आंबे पाहिले. वाळलेलं फळ कोणत्याही कवितेत पाहिल्याचं आठवत नाही. आणि हा माणूस सगळा वेळ वाळलेल्या फळांतच! त्यांच्या प्रयोगशाळेत लाकडी खण होते. पहिल्या खणात पिकून वाळली की आपोआप फुटणारी फळं: शेंगा, कापसाची बोंडं, तिळाची बोंडं, रुईची ती एकाच बाजूनं उसवणारी फळं. दुसऱ्यात वाळूनही न फुटणारी: सूर्यफुलाचं, वावळीचं पंख असलेलं, आणि आपला धान. तिसऱ्यात तुकड्या-तुकड्यांनी सुटणारी: धने, एरंडी, बाभळीची मण्यांसारखी शेंग. प्रत्येक मुलानं आपल्या वावरातून, परसातून एक वाळलेलं फळ आणायचं, स्वतःच्या हातानं खणात ठेवायचं आणि ते तिथेच का, हे सगळ्यांसमोर सांगायचं. ही सरांची पद्धत. चुकलं तर सर ते काढत नसत. दुसऱ्या मुलानं ठेवणाऱ्याला पटवून ते काढायचं, असा नियम.

मी एकदा विचारलं, "सर, धान हे फळ?" ते म्हणाले, "हो गुरुजी, दाण्याची साल आणि फळाची साल एकमेकांना चिकटलेली, म्हणून आपल्याला फक्त दाणा दिसतो. शास्त्रात त्याला तृणफळ म्हणतात." मी घरी आलो, ताटातल्या भाताकडे बराच वेळ बघत बसलो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, खडा लागला का?

त्या सौभाग्यवती, म्हणजे सीताबाई, आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. निळं लुगडं. पुढचं सगळं मी त्यांना विचारून बोलतोय. शेजारी आमची नात अपेक्षा. ती सरांचीच विद्यार्थिनी.

आता सत्काराच्या भाषणात घरची गोष्ट सांगावी का, हा प्रश्न आपल्याला पडेल. मलाही पडलाय. पण सरांचे गुण मोजायला बसलो, तर प्रत्येक गुण फिरून त्याच गोष्टीत जातो. म्हणून सांगून टाकतो.

सीताबाईंचं माहेर दिघोरी. आई लवकर गेली, वडील सालदारीवर. लहानाचं मोठं केलं ते थोरल्या भावानं, बाबुलाल भाऊंनी. पाठीवर घेऊन बांधावर नेलं, शाळेत घातलं, माझ्यासारख्या कविता म्हणत फिरणाऱ्या माणसाला बहीणही दिली. हा त्यांचा एकच निर्णय मला आजवर समजलेला नाही. ते गेले तेव्हा अस्थी घेऊन त्यांचा मुलगा कमलेश प्रयागला गेला आणि आत्या म्हणून सीताबाईही गेल्या. तिथे आपल्याकडची रीत तुम्हांला माहीत आहे. अस्थी पाण्यात सोडल्या की माणूस आपल्या आवडीची एक वस्तू सोडतो. कोणी आंबा, कोणी केळी, कोणी भोपळा. पुन्हा आयुष्यात ती तोंडात घालायची नाही. तिथल्या पंड्यानं घाईघाईनं विचारलं, "माताजी, क्या छोड़ेंगी?" मागे रांग होती. सीताबाई म्हणाल्या, "शेंगा."

झालं. घरी परत आल्यावर कळलं की शेंगा सोडल्या. तेव्हापासून त्यांनी शेवग्याची शेंग बंद केली, गवार बंद केली, वालाची बंद, भुईमुगाच्या उकडलेल्या बंद. ज्याला ज्याला शेंग म्हणतात ते ते सगळं. आम्हांला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला तर थोडं बरंच वाटलं, कारण शेवग्याच्या शेंगा चोखताना माझ्या बंडीवर डाग पडतात म्हणून होणारी बोलणी बंद झाली.

अशी दोन-अडीच वर्षं गेली असतील. अपेक्षा अकरावीला गेली, सरांच्या वर्गात बसली. पोरगी उत्साही. एका संध्याकाळी ताटावर बसली आणि आजीला नवं शिकलेलं सांगू लागली. आजी, शेंग म्हणजे फळ बरं का. एकाच कप्प्याचं, पिकून वाळलं की दोन्ही शिवणींनी उघडतं. तूर शेंगेतच होते. चना शेंगेतच. मूग, उडीद, वाटाणा, लाखोळी, सगळी शेंगच. आणि दाणा म्हणजे त्या फळाच्या आतली बी.

सीताबाईंचा वरणाचा घास वाटीतच राहिला. त्यांनी विचारलं, "मंग वरण बी शेंगच झालं ना?"

पोरगी बिचारी शिकलेलं खरं ते बोलली. "हो आजी. डाळ म्हणजे शेंगेतलं बीच."

दुसऱ्या दिवसापासून सीताबाईंनी वरण सोडलं. मग बेसन. मग मेथीचे दाणे, कारण मेथीलाही शेंग लागते. चिंच सोडली, कारण चिंचही शेंगच, फक्त ती आपणहून उघडत नाही. घरात झुणका नाही, पाटवड्या नाहीत, आंबट वरण नाही. आमच्या सूनबाई रेणू यांनी हात टेकले. एका माणसासाठी वेगळं शिजवणं त्यांना जड नव्हतं. पण काय शिजवावं, हे रोज सकाळी नातीला विचारावं लागे, आणि नात पुस्तक काढून बसे. मी म्हटलं, अगं सोडताना तुझ्या मनात वरण थोडंच होतं? तर त्या म्हणाल्या, "मनात काय होतं ते कोणाले दिसते? तोंडातून शेंगा म्हणून शब्द गेला. भावाची राख हातात होती मा."

मी मराठीचा शिक्षक. शब्द दिला की दिला, हे मीच वर्गात चाळीस पोरांसमोर छाती फुगवून सांगत आलो.

महिने गेले. त्या वाळत चालल्या. अड्याळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले, अंगात काही उरलं नाही बाई तुमच्या, डाळी-कडधान्य खा. दूध त्यांना पहिल्यापासून सोसत नाही, आणि मांस-मासळी आमच्या घरी नाही. एक दिवस तळ्यावरच्या देवळातून येताना त्या रस्त्यातच खाली बसल्या. कोणी तरी मोटरसायकलवर घरी आणून सोडलं. त्या दिवशी अपेक्षानं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक कपाटाच्या वर फेकून दिलं आणि कॉलेजात जाणं बंद केलं. म्हणाली, मी बोलले नसते तर आजी जेवत असती.

म्हणजे पाहा, मंडळी, एका घरात एक बाई जेवत नव्हती आणि एक पोरगी शिकत नव्हती. आणि मी? मी दोघींच्या मध्ये पाटावर बसून होतो. मला काही कळत नव्हतं. आजही त्यातलं निम्मं कळलेलं नाही.

अध्यक्ष महोदय क्षमा करतील, इथे तुमचंही नाव येतं. भय्याजी आमचे शेजारी. त्यांनी सरळ उपाय काढला. शेंगांची ही कटकट हटवार सरांनी लावली, तर सरांनीच मोडावी. एका संध्याकाळी सरांना घरी बोलावलं आणि अंगणात भय्याजी त्यांना हळूच म्हणाले, "सांगून द्या ना सर, का डाळ म्हंजे शेंग नाही म्हणून. तुमच्यावर भाभीचा भरोसा हाय. तुमचं काय जाते?"

(भय्याजी हसताहेत. म्हणजे मी बरोबर सांगतोय.)

सर म्हणाले, "भय्याजी, या घरात माझी एक विद्यार्थिनी आहे. तिला वर्गात एक सांगितलं आणि तिच्या आजीला अंगणात दुसरं, तर ती उद्या कोणतं खरं मानेल?"

भय्याजी म्हणाले, "मंग बाई मरू द्यायची का?"

सर म्हणाले, "नाही. उद्या रविवार आहे. मी येतो."

त्या रविवारी सर कापडी पिशवी घेऊन आले. आत त्यांच्या खणांतली फळं. सीताबाईंनी सूप पुढे केलं, सरांनी पिशवी त्यात उलटी केली. शेंगा, बोंडं, पंखवाली, मणीवाली, सगळं एकत्र. ओसरीवर आम्ही सगळे बसलो. अपेक्षा दाराच्या आत उभी, तोंड फिरवून.

मला वाटलं, आता सर समजावतील. शास्त्र सांगतील, धर्म सांगतील, डॉक्टरांचा कागद दाखवतील. ते काही झालं नाही. ते म्हणाले, "काकू, तुम्ही यातल्या शेंगा वेगळ्या काढा."

सीताबाईंनी काढल्या. तूर, चना, भुईमूग, चिंच. त्यांतच वाळलेला शेवगा, त्यांतच मोहरी. सरांनी शेवग्याची वाळलेली शेंग हातात घेतली आणि म्हणाले, ही शास्त्रात शेंग नाही. हिच्यात एक नाही, तीन भाग जुळलेले आहेत. वाळली की तीन पट्ट्यांनी उघडते. ही भेंडीच्या आणि कापसाच्या बाजूची. बोंडच म्हणा. मोहरीही खरी शेंग नाही, तिच्या मध्ये पडदा असतो. आता मला हे नवंच. इतकी वर्षं ज्या शेवग्यापायी आमची ही बाई मन मारून बसली, तो शेंगच नाही! आणि जी डाळ ती दोन-अडीच वर्षं निर्धास्त खात होती, ती शेंग! मी म्हटलं, "सर, तुम्ही मिटवायला आलात की वाढवायला?" सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सीताबाई शेवग्याकडे पाहत म्हणाल्या, "मंग हे चालते मले?"

सर म्हणाले, "शास्त्राच्या हिशेबानं चालतं. पण काकू, तुम्ही शास्त्राच्या हिशेबानं सोडलं होतं का?"

मग सरांनी असं विचारलं, जे मी विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "प्रयागला त्या माणसानं विचारलं, तेव्हा डोळ्यापुढं कोणती शेंग होती?"

सीताबाईंनी सुपातल्या शेंगा एकदा चाळल्या, जणू तिथे ती सापडेल. मग म्हणाल्या, "हे कोणतीच नाही. यात ते नाही."

आणि मग हळूहळू, तुटक तुटक, सांगितलं. दिघोरीला कापणीच्या आधी उभ्या धानातच लाखोळी फेकतात, तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. धान कापून गेला की तीच ओल पिऊन ती वाढते. तिला कोवळी हिरवी शेंग लागली की बाबुलाल भाऊ बहिणीला बांधावर बसवायचे, आपण वाकून वाकून शेंगा तोडायचे आणि तिच्या ओच्यात टाकायचे. तिनं खायच्या आणि टरफलं भावाच्या डोक्यावर फेकायची. घरात कधी कधी संध्याकाळचं शिजत नसे. त्या दिवशी जेवण तेच. भाऊ स्वतः खात नसत. म्हणत, माझं पोट भरलं. ते भरलेलं नसे, हे सीताबाईंना लग्नानंतर, स्वतः चूल सांभाळायला लागल्यावर कळलं. तोवर बोलायची वेळ गेली होती.

"ते हिरवी शेंग होती डोळ्यापुढं," त्या म्हणाल्या. "लाखोळीची. पण तेथं बाकीच्या बाया आंबा सोडून राहिल्या, केळ सोडून राहिल्या. मी लाखोळी कशी म्हणू? गरिबाची वस्तू. म्हणून नुसतं शेंगा म्हटलं. मोठं वाटलं मले ते."

सरांनी विचारलं, "आणि भाऊंना यातलं काय कळलं असेल? तुमचा शब्द, की तुमच्या डोळ्यापुढची शेंग?"

सीताबाई रडल्या. मोठ्यानं नाही. पदराचं टोक घेतलं आणि सूप बाजूला सरकवलं. म्हणाल्या, "त्याले तं लाखोळीच दिसली असन. मी तोंडानं काहीही म्हटलं तरी." आणि मग आत तोंड करून नातीला हाक मारली, "अपेक्षा, माय, वरण लाव."

असं झालं.

आता माझा गोंधळ ऐका. सर निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, "सर, हिरवी लाखोळी काय, वाळलेली लाखोळी काय, तूर काय, शेंग ती शेंगच ना? मग तुम्ही हे सोडवलं ते शास्त्रानं, की धर्मानं?" सर म्हणाले, "गुरुजी, मी काहीच सोडवलं नाही. डाळ शेंगेतलीच आहे, हे मी अजूनही सांगतो. त्यांनी काय सोडलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. फळ ओळखायचं तर आधी ते कोणत्या झाडाचं, हे विचारावं लागतं."

मला ते तेव्हा पटलं. घरी पोहोचेपर्यंत पुन्हा गोंधळ झाला. शब्द मोठा की मनातली शेंग मोठी? शब्दच मोठा असं म्हणावं, तर माझी बायको उपाशी. मनातलंच खरं म्हणावं, तर मी इतकी वर्षं मुलांना शब्द जपायला का शिकवलं? रेणू सूनबाई म्हणतात, बाबा, तुम्ही हा विचार वरण खाऊन करत जा.

सीताबाई आता वरण खातात, झुणका खातात. शेवगाही खातात, माझ्या बंडीवरचे डाग परत आले आहेत. हिरव्या लाखोळीला हात लावत नाहीत. मागच्या हंगामात अपेक्षाला घेऊन दिघोरीला गेल्या होत्या. भाच्याच्या बांधावर बसल्या, वाकवत नाही तरी वाकून शेंगा तोडल्या आणि नातीच्या ओढणीत टाकल्या. पोरगी म्हणाली, आजी, एक तर खा. आजी म्हणाल्या, माझं पोट भरलं. हे अपेक्षानं मला सांगितलं. आणि सांगून ती पुस्तक घेऊन अभ्यासाला बसली. तिनं वर्गात पुन्हा पाऊल कधी टाकलं, ते सरांना विचारा. सर सांगतील की ती वर्ग सोडून कधी गेलीच नव्हती. हजेरीत तसं दिसत नसलं तरी.

वीरेंद्र सर, तुम्ही आता भंडाऱ्याला राहायला जाणार असं ऐकतो. डिंपलताई, यांना तिथे कुंड्यांचा बगीचा करू द्या, पण फळ वाळेपर्यंत तोडू नका, नाहीतर ते तुमच्याशी बोलायचे नाहीत. खण इथेच राहू द्या, ही माझी संस्थेला नम्र विनंती. नवे शिक्षक येतील. आपल्या मुलांना चुकीच्या खणात फळ ठेवू द्या आणि मग दुसऱ्या मुलाला ते पटवून काढू द्या.

आता शेवटचं. आज सकाळी मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. सरांविषयी काय बोलावं, सुचेना. ज्ञानतपस्वी लिहिलं, खोडलं. निसर्गप्रेमी लिहिलं, तेही खोडलं. सीताबाई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, सरांबद्दल काय सांगू? त्या म्हणाल्या, "सांगा का सरनं मले इचारलं."

मी म्हटलं, एवढंच? विचारलं तर सगळ्यांनीच होतं. पंड्यानं विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, मीही रोज विचारत होतो.

त्या कप ठेवून म्हणाल्या, "तुमी इचारत होते का काहून खात नाही. त्यायनं इचारलं का डोळ्यापुढं काय होतं."

आणि आत निघून गेल्या. मी जन्मभर कवितेच्या तासाला पोरांना हाच प्रश्न विचारत आलो: ही ओळ म्हणताना तुमच्या डोळ्यापुढं काय येतं? घरी विचारायचं राहिलं. तेव्हा सर, आज माझ्या घरातर्फे तुमचे आभार मानताना पुष्पगुच्छ मी देत नाही. सीताबाई, उठा, तुम्हीच या वर. सावकाश. भय्याजी, जरा हात द्या त्यांना.

त्या येताहेत, तोवर बाकीचं उरकतो. अध्यक्ष महोदयांनी आणि संस्थेनं मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी जेवणाची वेळ टळत असतानाही ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. शास्त्रातलं काही उलटसुलट बोललो असेन, तर ते माझं अज्ञान. सरांच्या शिकवण्यात खोट धरू नका. भय्याजी, आपली थट्टा केली, ती शेजारधर्मानं माफ व्हावी. ज्या कोणाचं नाव घ्यायचं राहिलं, त्यांनी हा म्हाताऱ्याचा विसर समजून मोठ्या मनानं सोडून द्यावं.

पोहोचल्या. मी आता थांबतो.